सहा नावांचा ठराव: जगदीश राय चढ्ढा यांच्या हद्दपारीचं प्रकरण

जगदीश राय चढ्ढा १९६६ मध्ये विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत आले तेव्हा त्यांच्या कागदपत्रांत खोट काढायला जागा नव्हती. जन्म केनियातला, वंशाने भारतीय, हातात ब्रिटिश पासपोर्ट. ओहायोतल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठात ते शिकले. ३० जून १९७२ ला व्हिसाची मुदत संपली आणि ते तिथेच राहिले. पुढे जे सुरू झालं ते ११ वर्षांनी थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात संपलं.

राज्यघटना शिकवणारे हे प्रकरण अधिकारांच्या विभागणीसाठी शिकवतात. अमेरिकेच्या संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, एका सभागृहाला परस्पर नकाराधिकार वापरता येतो का, एवढाच प्रश्न मग वर्गात उरतो. मी ते हद्दपारीविरुद्धचं अपील म्हणून वाचतो. चढ्ढा जिंकले ते घटनेच्या मुद्द्यावर, हे खरंच. पण तो मुद्दा वरच्या न्यायालयात पोहोचेपर्यंत त्यांना देशात टिकवून धरलं ते कायद्यातल्या अगदी साध्या, रुक्ष तरतुदींनी. कोणी त्यांवर व्याख्यानं देत नाही. आणि आज त्या तरतुदी कायद्यात नाहीत.

जायचं कुठे?

केनिया १२ डिसेंबर १९६३ ला स्वतंत्र झाला. तिथल्या आशियाई लोकांना नागरिकत्वासाठी नोंदणी करायला दोन वर्षं मिळाली. अनेकांनी ती केली नाही, ब्रिटिश पासपोर्टच जपून ठेवला. त्यात पंजाबी होते, गुजराती होते, आणि नैरोबीच्या सरकारी कचेऱ्यांत कारकुनी करणारे गोंयकारही होते. १९६७ मध्ये केनियाने नागरिक नसलेल्यांवर कामधंद्याच्या परवान्यांची बंधनं घातली. लोक ब्रिटनकडे निघाले, तसा ब्रिटनने मार्च १९६८ मध्ये घाईघाईने कायदा करून स्वतःच्याच पासपोर्टधारकांना दार लोटून घेतलं. आईवडिलांपैकी किंवा आजीआजोबांपैकी कोणाचा तरी ब्रिटनशी जन्माचा वा नागरिकत्वाचा संबंध दाखवता आला तर प्रवेश, नाहीतर रांगेत थांबा. ऑगस्ट १९७२ मध्ये शेजारच्या युगांडात इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं.

चढ्ढांचा व्हिसा संपला तो त्याच उन्हाळ्यात. मुदत उलटूनही राहिला म्हणजे बेफिकीर माणूस, असा शेरा मारणं सोपं आहे. पण त्यांच्यापुढचे पर्याय मांडून पाहिले की चित्र बदलतं: जन्मभूमी त्यांना आपलं मानत नव्हती, आणि पासपोर्ट देणारा देश आत घ्यायला तयार नव्हता.

नोटीस आणि कबुली

११ ऑक्टोबर १९७३ ला इमिग्रेशन खात्याच्या जिल्हा संचालकाने त्यांना कारणे दाखवा नोटीस बजावली. परवानगीपेक्षा जास्त काळ राहिलात, तर तुम्हाला हद्दपार का करू नये? ११ जानेवारी १९७४ ला इमिग्रेशन न्यायाधीशापुढे पहिली सुनावणी झाली आणि चढ्ढांनी तिथे आरोप सरळ मान्य केला. हो, मी मुदतीपेक्षा जास्त राहिलो.

वाचणाऱ्याला इथे ठेच लागते. लढायचं होतं तर कबूल कशाला केलं? कारण या सुनावणीचे दोन भाग असतात. माणूस हद्दपारीला पात्र आहे का, हा पहिला. पात्र असूनही त्याला राहू द्यावं असा काही आधार कायद्यात आहे का, हा दुसरा. पहिल्या भागात चढ्ढांकडे काहीही नव्हतं. व्हिसाची तारीख कागदावर छापलेली होती. तिथे वाद घालून न्यायाधीशाचा विश्वास गमावण्यापेक्षा दुसऱ्या भागासाठी ताकद राखणं शहाणपणाचं होतं. कबुली नोंदवून सुनावणी तहकूब झाली ती हद्दपारी रोखण्याचा अर्ज करण्यासाठीच.

हा अर्ज १९५२ च्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २४४ खाली होता. अटी तीन. सलग सात वर्षं देशात वास्तव्य, चांगली वर्तणूक, आणि हद्दपारीमुळे अत्यंत कठीण अवस्था (हलाखी) होईल हे सिद्ध करणं. ही अवस्था अर्जदाराची स्वतःची असली तरी चालत होती. किंवा त्याच्या नागरिक अथवा कायम रहिवासी असलेल्या नवऱ्याची, बायकोची, आईवडिलांची, मुलांची. चढ्ढा अविवाहित होते, अमेरिकेत दाखवण्यासारखं नातं नव्हतं. त्यांचा सगळा दावा ‘स्वतःची’ या एका शब्दावर उभा होता.

सुनावणी ७ फेब्रुवारीला पुढे सुरू झाली, आणि २५ जून १९७४ ला न्यायाधीशांनी निकाल दिला: तिन्ही अटी पूर्ण होतात, हद्दपारी रोखावी. वंशामुळे केनियात परतणं किंवा ब्रिटनमध्ये जाणं त्यांना किती अवघड जाईल, हा निकालाचा गाभा होता.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या वेळी हे न्यायाधीश इमिग्रेशन खात्याचेच नोकर होते, म्हणजे नोटीस काढणारं आणि निकाल देणारं खातं एकच. न्यायाधीशांचं वेगळं कार्यालय न्याय विभागात उघडलं ते जानेवारी १९८३ मध्ये. तेही शेवटी ॲटर्नी जनरलच्याच, म्हणजे न्याय विभागाच्या प्रमुखाच्याच, हाताखाली. ‘कोर्ट’ हा शब्द ऐकून स्वतंत्र न्यायसंस्थेची कल्पना करणाऱ्यांनी थोडं थांबावं. अशी न्यायसंस्था अपील दोन पायऱ्या वर गेल्यावर भेटते.

निकाल जिंकला, पण काँग्रेसला कळवायचा

कलम २४४ खाली मिळालेला दिलासा लगेच पक्का होत नसे. ॲटर्नी जनरलने प्रत्येक प्रकरण काँग्रेसला कळवायचं, आणि ते अधिवेशन किंवा त्यापुढचं अधिवेशन संपेपर्यंत सिनेट वा प्रतिनिधीगृह यांपैकी कोणत्याही एकाने ठराव केला की दिलासा रद्द.

हे विचित्र वाटतं, पण त्यामागे इतिहास आहे. १९४० पूर्वी हद्दपारीत सापडलेल्या माणसाला वाचवायचं तर त्याच्या एकट्याच्या नावाचा खासगी कायदा काँग्रेसमध्ये मंजूर करावा लागे. या अर्जांना कंटाळून काँग्रेसने १९४० मध्ये निर्णय ॲटर्नी जनरलवर सोपवला, पण दोन्ही सभागृहांच्या ठरावाने तो फिरवण्याची सोय ठेवली. १९४८ मध्ये उलटं केलं: दोन्ही सभागृहांनी होकार दिला तरच दिलासा. १९५२ मध्ये एका सभागृहाचा नकार पुरेसा झाला. काम दुसऱ्याला द्यायचं आणि किल्ली आपल्या कनवटीला ठेवायची, असा हा प्रकार.

चढ्ढांचं प्रकरण दीड वर्ष तसंच पडून होतं. मुदतीचं शेवटचं अधिवेशन संपत आलं होतं. ते संपलं असतं तर कारवाई आपोआप बंद होऊन ते कायम रहिवासी झाले असते. १२ डिसेंबर १९७५ ला प्रतिनिधीगृहातल्या इमिग्रेशनविषयक उपसमितीचे अध्यक्ष जोशुआ आयलबर्ग यांनी सहा परदेशी व्यक्तींना कायम वास्तव्य देण्याविरुद्ध ठराव मांडला. त्यात चढ्ढांचं नाव होतं. चार दिवसांनी, १६ डिसेंबरला, तो सभागृहापुढे आला. ठराव छापलेला नव्हता. मत देणाऱ्या सदस्यांच्या हातात त्याची प्रतही नव्हती. आयलबर्ग यांनी सांगितलं ते एवढंच: समितीने ३४० प्रकरणं तपासली आणि या सहा जणांच्या बाबतीत कायद्याच्या अटी, विशेषतः हलाखीची अट, पूर्ण होत नाही असं तिचं मत पडलं. चर्चा नाही, मतांची नोंद नाही. ठराव मंजूर.

न्यायाधीशाने साक्ष ऐकून लिहिलेला निकाल गेला. का गेला, हे त्या सहांपैकी कोणालाच कोणी समजावून सांगितलं नाही.

ज्यांच्या हाती काही नाही, त्यांच्यापुढचं अपील

सभागृहाच्या ठरावाची अंमलबजावणी करायला प्रकरण पुन्हा त्याच इमिग्रेशन न्यायाधीशापुढे आलं. आता चढ्ढांची मागणी एकच होती: कारवाई बंद करा, कारण एका सभागृहाला असा अधिकार देणारं पोटकलमच घटनाबाह्य आहे. कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा मला अधिकार नाही, असं न्यायाधीशांनी सांगितलं आणि ८ नोव्हेंबर १९७६ ला हद्दपारीचा हुकूम काढला. चढ्ढा बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सकडे गेले. बोर्डाचंही तेच उत्तर: काँग्रेसचा कायदा रद्द करण्याची ताकद आमच्यात नाही. अपील फेटाळलं.

दोन्ही ठिकाणी हार ठरलेली असताना तिथे जायचं कशाला? आपल्याकडचे वकील ‘मुद्दा रेकॉर्डवर घ्या’ म्हणतात, ते यासाठीच. खालच्या पायऱ्या न चढता माणूस थेट अपील न्यायालयात गेला, तर आधी तिकडे का गेला नाहीत, म्हणून परत पाठवला जातो. खाली न मांडलेला मुद्दा वर नव्याने उकरताना नाकीनऊ येतात. चढ्ढांनी आपला मुद्दा दोन्हीकडे मांडून दोन्हीकडून लेखी नकार घेतला. पुढची इमारत त्या दोन नकारांवर उभी राहिली.

बोर्डानंतरची पायरी म्हणजे नवव्या सर्किटचं, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीचं, अपील न्यायालय. तेव्हाच्या कायद्यात बोर्डाच्या निर्णयानंतर याचिकेला सहा महिने मिळत. आणि याचिकेची प्रत सरकारला पोहोचली की हद्दपारीला आपोआप स्थगिती मिळे. न्यायालयाने वेगळा आदेश दिला तरच ती उठे. अर्ज करा, तातडी पटवा, असलं काही नव्हतं. या एका ओळीमुळे चढ्ढा पुढची वर्षं अमेरिकेत राहू शकले.

वकिलांचंही बघा. इमिग्रेशनच्या प्रकरणात वकील लावायचा हक्क असतो, पण सरकारी खर्चाने नाही. हा नियम तेव्हाही होता, आजही आहे. अपील न्यायालयात चढ्ढांची बाजू घेतली ती पब्लिक सिटिझन या संस्थेच्या वकिली गटाने, म्हणजे ॲलन मॉरिसन यांनी. सभागृहाच्या एकतर्फी नकाराधिकाराला आव्हान देण्याजोगं प्रकरण त्यांना यात दिसलं. स्वतःच्या हद्दपारीच्या चिंतेत असलेला माणूस आणि घटनेचा मुद्दा शोधणारा वकील यांची गाठ पडली नसती, तर हे प्रकरण बोर्डापाशीच मिटलं असतं, असं माझं मत आहे.

सरकारच बाजूने, तरी हुकूम कायम

अपील न्यायालयात अजब घडलं. चढ्ढांविरुद्ध उभं असलेलं इमिग्रेशन खातंच म्हणालं, बरोबर आहे, हे पोटकलम घटनाबाह्य आहे. हद्दपार करणारा आणि होणारा, दोघांचं एकमत. मग वाद कोणाशी? न्यायालयाने सिनेट आणि प्रतिनिधीगृहाला आपापली बाजू मांडायला बोलावलं. १९८० मध्ये न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी लिहिलेला निकाल आला: सभागृहाला असा अधिकार नव्हता, त्या ठरावाच्या जोरावर चढ्ढांना हद्दपार करण्यासाठी काहीही करू नका. हेच केनेडी पुढे १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले.

सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद दोनदा झाला, २२ फेब्रुवारी १९८२ ला आणि पुन्हा ७ डिसेंबर १९८२ ला. सभागृहांच्या वकिलांनी मूळ मुद्द्याला हात घालण्याआधी प्रकरण बाहेर ढकलण्याचे बरेच मार्ग सुचवले. अपील करणाऱ्याच्या दृष्टीने मला ते मुख्य निकालाहून उद्बोधक वाटतात.

पहिला मार्ग: दोन्ही पक्ष एकाच बाजूला आहेत, म्हणजे खरा वादच नाही. न्यायालयाचं उत्तर साधं होतं. खात्याला पटो वा न पटो, अपील न्यायालयाचा हुकूम नसता तर त्याने चढ्ढांना हद्दपार केलंच असतं.

दुसरा: चढ्ढांनी १० ऑगस्ट १९८० ला अमेरिकी नागरिकाशी लग्न केलं आहे, आता ते त्या वाटेने ग्रीन कार्ड मागू शकतात. शिवाय मार्च १९८० च्या निर्वासित कायद्याखाली आश्रयही मागू शकतात. मग घटनेच्या प्रश्नाला कशाला हात घालायचा? न्यायालय म्हणालं, या वाटा फार तर शक्यता आहेत, त्यांतून काय निष्पन्न होईल ते नक्की नाही. ज्याच्यावर हद्दपारीची टांगती तलवार आहे, त्याला दुसरं काहीतरी मिळेलही अशा अंदाजावर दाद नाकारता येत नाही. आज अर्जदाराच्या वकिलाने पाठ करून ठेवावा असा हा परिच्छेद आहे.

तिसरा सगळ्यांत घातक होता. नकाराधिकाराचं पोटकलम घटनाबाह्य असेल तर दिलासा देणारं सगळं कलमच पडायला हवं, कारण काँग्रेसने एक दिलं ते दुसरं हाती ठेवून. हे मान्य झालं असतं तर चढ्ढा तत्त्वाने जिंकून विमानात बसले असते. ज्या दिलाशासाठी लढले तोच शिल्लक राहिला नसता. न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांचं भिन्नमत याच मुद्द्यावर आहे. बहुमताने मात्र त्याच कायद्यातल्या कलम ४०६ कडे बोट दाखवलं. एखादी तरतूद अवैध ठरली तरी बाकीचा कायदा टिकेल, असं काँग्रेसने स्वतःच लिहून ठेवलं होतं. शेवटच्या पानांवरची असली कलमं आपण सहसा वाचतही नाही.

२३ जून १९८३ ला निकाल लागला, सात विरुद्ध दोन. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी लिहिलं की या ठरावाने चढ्ढांचा कायदेशीर हक्क बदलला, म्हणजे तो कायदा करण्यासारखाच होता. मग त्याला कायद्याचा पूर्ण रस्ता हवा: दोन्ही सभागृहांची मंजुरी आणि राष्ट्राध्यक्षापुढे सादरीकरण. न्यायमूर्ती पॉवेल यांनी निकालाशी सहमती दाखवली पण कारण वेगळं दिलं. सभागृहाने सामान्य नियम केला नाही, ठरावीक सहा माणसांचा न्यायनिवाडा केला, आणि तोही न्यायालयात मिळणाऱ्या संरक्षणाशिवाय. बर्गर यांचा निकाल मोठा खरा, पण १६ डिसेंबरला नेमकं काय झालं ते मला पॉवेल यांच्या मतात जास्त स्पष्ट दिसतं. भिन्नमतात न्यायमूर्ती व्हाइट यांनी इशारा दिला की जवळपास २०० तरतुदींमधला हाच नकाराधिकार या एका निकालाने कोलमडतो.

नोटिशीपासून निकालापर्यंत नऊ वर्षं आणि आठ महिने. आपल्याकडे परदेशी नागरिकाला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९५५ च्या हान्स म्युलर प्रकरणात निरंकुश म्हणावा इतका व्यापक ठरवला होता. त्या पार्श्वभूमीवर व्हिसा संपलेल्या एका माणसाला इतक्या पायऱ्या चढता आल्या, हे मराठी वाचकाला नवलाचं वाटेल.

आज हेच प्रकरण आलं तर

१९९६ च्या कायद्याने कलम २४४ चा दिलासा बंद केला. त्याच्या जागी १ एप्रिल १९९७ पासून हद्दपारी रद्द करण्याचा नवा अर्ज आला. वास्तव्य सातऐवजी दहा वर्षांचं हवं. हलाखी ‘अत्यंत’ असून भागत नाही, ती अपवादात्मक आणि फारच असामान्य लागते. ती नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या जोडीदाराची, आईवडिलांची किंवा मुलाची असायला हवी. अर्जदाराची स्वतःची धरत नाहीत. वर्षाला ४,००० पेक्षा जास्त जणांना हा दिलासा देता येत नाही.

अपिलाची वाटही आखडली. अपील न्यायालयातल्या याचिकेला सहा महिन्यांऐवजी ३० दिवस मिळतात. आपोआप मिळणारी स्थगिती गेली. ती वेगळी मागावी लागते. २००९ च्या न्केन विरुद्ध होल्डर निकालानुसार त्यासाठी जिंकण्याची दाट शक्यता आणि भरून न येणारं नुकसान दाखवावं लागतं. हद्दपारी होणार एवढ्यानेच तसं नुकसान धरता येत नाही, असंही त्या निकालात आहे. २०२२ मध्ये पटेल विरुद्ध गारलँड या प्रकरणात ठरलं की अशा दिलाशांत खालच्या पायरीवर नोंदलेली तथ्यं अपील न्यायालय तपासणार नाही. पटेल यांनी ड्रायव्हिंग लायसन्सच्या अर्जावर ‘नागरिक’ या चौकटीत खूण केली होती. ती चुकून केली की जाणूनबुजून, यावर पाच विरुद्ध चार मतांनी दार बंद झालं. २०२४ च्या विल्किन्सन विरुद्ध गारलँड निकालाने एक फट परत उघडली: तथ्यं मान्य धरून ती हलाखीच्या कसोटीत बसतात का, एवढं न्यायालय पाहू शकतं.

चढ्ढांना लग्नाची वाट उरली असती, हे खरं. पण हद्दपारीची कारवाई चालू असताना केलेल्या लग्नाबद्दल कायदा आता जास्त कडक पुरावा मागतो. आणि ते लग्न झालं नोटिशीनंतर जवळजवळ सात वर्षांनी. तोवर ते अमेरिकेत होते ते सुरुवातीला न्यायाधीशाने दिलेल्या दिलाशावर आणि नंतर त्या आपोआप स्थगितीवर.

शिवाय दहा वर्षं मोजताना घड्याळ नोटीस बजावल्या दिवशी थांबतं. पुढे खटला कितीही वर्षं चालो, ती मोजणीत धरत नाहीत. ११ ऑक्टोबर १९७३ ची नोटीस आजच्या कायद्याखाली निघाली असती, तर १९६६ मध्ये आलेल्या चढ्ढांची वर्षं भरली असती सातच्या आसपास, आणि नात्याच्या रकान्यात लिहायला कोणी नव्हतं. दुसरी सुनावणी लावण्याचीही गरज पडली नसती.